जुमाचे बिबटे: काही महिने थेट सफारी पाहिल्यानंतर

पावसाळा सरत आला तेव्हा मी वाइल्डअर्थ या वन्यजीव वाहिनीची थेट सफारी बघायला लागले. आता उन्हाळा लागलाय आणि अजून बघतेच आहे. प्राण्यांचे कार्यक्रम मी शाळेत असल्यापासून बघत आलेय, पण बिबट्याकडे बघायची माझी नजर बदलली ती या काही महिन्यांत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून साबी सँड नावाचं खासगी राखीव रान आहे, साधारण ६५,००० हेक्टरचं. दोन्हींमधलं कुंपण १९९३ मध्ये काढून टाकलं, तेव्हापासून जनावरं इकडून तिकडे मोकळी फिरतात. या रानाच्या उत्तर भागात जुमा आहे. तिथून सकाळ-संध्याकाळ उघडी जीप निघते. गाईड गाडी चालवत बोलत असतो, मागे कॅमेरा घेऊन एक जण बसलेला असतो, आणि समोर जे येईल ते त्याच क्षणी आपल्याला दिसतं. पहाटेची फेरी आपल्याकडे सकाळी नऊच्या आसपास लागते, दुपारनंतरची संध्याकाळी सातच्या सुमारास, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. प्रत्येक फेरी तीनेक तासांची. आपण प्रश्न विचारू शकतो आणि गाईड गाडी चालवता चालवता उत्तर देतो. लहान मुलांच्या प्रश्नांनाही तितक्याच मन लावून उत्तरं मिळतात, हे मला फार आवडतं.

बिबट्या दिसेलच याची खात्री नाही. सुरुवातीला बरेच दिवस मी पक्षी, इंपाला नावाची तिथली हरणं आणि वाळूतले ठसेच पाहिले. पण खरं शिक्षण तिथेच झालं. गाईड गाडी थांबवतो, खाली वाकतो, रात्रीच्या टायरच्या खुणेवर पाऊल उमटलंय म्हणजे ठसा ताजा, असं दाखवतो. मग इंजिन बंद करून सगळे ऐकत बसतात. खार एकसारखी किरकिरायला लागली, तित्तिर ओरडत उडाले, झाडावरची माकडं एकाच दिशेला तोंड करून खेकसली, इंपाला फुरफुरून जागच्या जागी खिळले, की बिबट्या जवळ आहे असं समजायचं. आमच्या जुन्नरकडे वानरांचा खकारा ऐकून लोक जे ओळखतात, तेच तिथे घडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात इंपालांची पिल्लं थोड्याच दिवसांत एकामागून एक जन्माला येतात, तेव्हा तर रोज काही ना काही घडत होतं.

मिशांच्या सगळ्यात वरच्या ओळीच्याही वर काही सुटे ठिपके असतात. ते उजव्या आणि डाव्या गालावर किती आहेत ते मोजून तिथले लोक बिबट्या ओळखतात, आणि अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी तर जन्मभर बदलत नाही. मी जुन्या फिती शोधून मागे मागे जात राहिले. करुला नावाची मादी जुमाची राणी म्हणून जगभर ओळखली जायची. २०१७ नंतर ती पुन्हा दिसली नाही. तिची मुलगी थांडी, थांडीची मुलगी त्लालांबा. मोठी झालेली मादी शक्यतो आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द धरते, आई कधी स्वतःचा थोडा भाग तिला सोडते. नर मात्र दूर निघून जातात. जवळच्याच लोंडोलोझी या राखीव रानात १९७९ पासून एका मादीच्या वंशाची नोंद ठेवली जातेय. घराण्याच्या वंशावळीसारखी ही नोंद इतक्या पिढ्या सलग चालू आहे, यातच मला तिथल्या संवर्धनाचं मोल दिसतं. बिबट्यांची संख्या मोजता येते, पण ती का वाढते आणि का घटते हे कळायला कोण कुणाचं आहे ते माहीत असावं लागतं.

याचं कारण नर. हद्दीचा जुना नर मेला किंवा हाकलला गेला की नवा येतो आणि लहान पिल्लं मारतो, म्हणजे मादी लवकर माजावर येते. साबी सँडसारख्या सुरक्षित रानातसुद्धा निम्म्याहून जास्त पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगत नाहीत. काही सिंह मारतात, काही तरस, आणि बरीचशी नर बिबटे. हे वाचून माहीत होतं, पण ज्या मादीला आठवड्यामागून आठवडे दोन पिल्लं खडकात लपवताना पाहिलं, ती एके दिवशी एकटीच हाका मारत फिरताना दिसते तेव्हा गळा दाटून येतो. गाईडसुद्धा अशा वेळी फार बोलत नाहीत, आणि मध्ये पडत नाहीत. माणसामुळे झालेली इजा नसेल तर निसर्गात हात घालायचा नाही, हा तिथला नियम.

आता याच नजरेने ट्रॉफी हंटिंगकडे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने केलेल्या शिकारीकडे बघा. दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या फिंडा भागात २००२ पासून बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाला. हद्दीबाहेर नरांची शिकार होत होती, गुरं मारली म्हणून शेतकरीही मारत होते. नर सारखे बदलत राहिले आणि पिल्लं वाचेनात. २००५ पासून परवान्यांची पद्धत बदलली, गुरं राखायला शेतकऱ्यांना मदत झाली, तेव्हा मृत्यू घटले आणि पिल्लं जगू लागली. एका नराची शिकार म्हणजे एकच बिबट्या गेला, हा हिशोबच चुकीचा आहे. शिकार केलेल्या बिबट्यांच्या निर्यातीचा दक्षिण आफ्रिकेचा वार्षिक कोटा १५० बिबट्यांचा होता, तो २०१६ आणि २०१७ मध्ये शून्यावर आणला गेला. मला तो निर्णय योग्यच वाटतो.

कातड्यांचं कामही सांगायला हवं. तिथल्या शेंबे पंथाचे भाविक धार्मिक नृत्यात खांद्यावर बिबट्याचं कातडं घेतात. पँथेरा या संस्थेने त्यांच्या श्रद्धेला दुखावलं नाही, पंथाच्या नेत्यांशी बोलून हुबेहूब दिसणारी कृत्रिम कातडी तयार करून हजारोंनी वाटली. माणसांना सोबत घेऊन असं काम होतं तेव्हा ते टिकतं, असा माझा ठाम विश्वास आहे.

मी जुन्नर तालुक्यातली, त्यामुळे बिबट्या मला परका नाही. रात्रीची वीज आली की उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस घरी येईपर्यंत इथे कुणाला झोप नसते. ती भीती खरी आहे आणि आफ्रिकेतली सफारी बघून ती जात नाही. पण बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम आता मला जास्त समजतं. २००१ नंतर काही वर्षं इथले बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले गेले आणि तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतशिवारात त्यांनी कॅमेरे लावून, ठिपक्यांवरूनच एकेक बिबट्या ओळखून, १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे असल्याचं दाखवलं. एकाला उचललं की ती हद्द मोकळी होते आणि दुसरा येतो, हे मी जुमामध्ये डोळ्यांनी पाहिलं.

प्रक्षेपणातल्या आणखी दोन गोष्टी मनापासून आवडल्या. रात्री हरणांच्या डोळ्यांवर प्रखर दिवा मारत नाहीत, कारण डोळे दिपले की ती शिकाऱ्याच्या तोंडी सापडतात. आणि गेंडे दाखवत नाहीत, चोरट्या शिकाऱ्यांना ठिकाण कळू नये म्हणून. याउलट, याच फितींचे तुकडे कापून "भयानक हल्ला" वगैरे नावाने टाकणारी काही चॅनेल्स आहेत, त्यांचा मला संताप येतो. तीन तासांतली शेवटची दोन मिनिटंच दाखवली तर बिबट्या कुणाला कळणार?

गाईड इंग्रजीतच बोलतात, पण सावकाश आणि स्पष्ट. आमची सातवीतली मुलगी मागे लागून बघते आणि समजून घेते. मोबाइल डेटावर चित्र अडखळतं, घरच्या वायफायवर बघा, किंवा फेरी संपल्यावर तीच फीत सवडीने लावा. वहीत बिबट्याचं नाव, आई कोण, कुठे दिसला एवढं लिहीत गेलात तर काही आठवड्यांत चेहरे ओळखू येतील. तिथला हिवाळा मी अजून थेट पाहिलेला नाही, पण जुन्या फितींवरून कळतं की मे ते ऑगस्ट गवत वाळलेलं आणि झाडं विरळ असतात, बिबटे सहज दिसतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तोच काळ निवडावा, आणि तेव्हा संध्याकाळची फेरी साडेसहालाही सुरू होऊ शकते, म्हणून वेळ आधी बघून ठेवावी.