हिरवा दिवा 'बॅटरी फुल' म्हणतो : ३० अँपिअरचा एसएमपीएस आणि १०० एएचची बॅटरी, आठ महिन्यांनंतर

काय सांगू राजेहो, मे महिन्यात गावची डीपी जळाली नसती तर मी माझ्या हौशी (हॅम) रेडिओच्या पॉवर सप्लाय-बॅटरीच्या या सेटची तारीफच लिहिली असती. स्पेसिफिकेशन सोडतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, रेडिओची खोली टिनाच्या छपराची, रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ, १०० वॉटची एचएफ (शॉर्टवेव्ह). एसएमपीएसला, म्हणजे लाइटवर रिग चालवणाऱ्या आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या पॉवर सप्लायला, बॅकअप म्हणून ट्यूब्युलर (लेड-अॅसिड) बॅटरी जोडलेली, दोन्ही ऑक्टोबरात घेतलेले.

डीपी जळाली त्या दुपारी लाइट जाईपर्यंत पॅनेलवरचा हिरवा दिवा 'फुल' सांगत होता. संध्याकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) बोलायला बसलो आणि तासाभरात तमाशा सुरू झाला. पीटीटी (माइकवरची बोलायची कळ) दाबली की रिग बंद, सोडली की चालू. रिगला १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खालीवर चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली भरवसा नाही. ऐकताना एखादा अँपिअर लागतो, बोलताना वीस. ऐकताना सगळं ठीक वाटतं ते त्यामुळेच.

पिकअपमध्ये टाकून बॅटरी दुकानात नेली. त्याने मल्टिमीटर लावला, १२.६. "भाऊ, बॅटरी तं टकाटक हाये." बिनलोडाची बॅटरी म्हणजे खाटेवर बसलेला पहिलवान, त्याच्या मिशा पाहून काय कळणार? दुकानदाराला लोड लावा म्हटलं तर त्याच्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी होती.

घरी आणून रात्रभर चार्ज केली. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडून हेडलाइटचा १२ व्होल्टचा ६०/५५ बल्ब आणला. एक फिलामेंट उडालेलं, म्हणून फुकट. राहिलेलं ६० वॉटचं फिलामेंट क्लॅम्प मीटरवर ४.७ अँपिअर खात होतं. १०० एएच (अँपिअर-तास) हा आकडा वीस तासांच्या हिशोबाचा, म्हणजे ५ अँपिअरने बॅटरी वीस तास चालायला हवी. सकाळी सहाला बल्ब लावला. दर तासाला व्होल्ट वहीत लिहीत बसलो. आई दोनदा येऊन विचारून गेली, दिवसाउजेडी दिवा कशाला जाळतोस म्हणून. साडेचारला काटा १०.५ वर, म्हणजे बॅटरी रिकामी. साडेदहा तासांत एकूण ४९ एएच. निम्मी बॅटरी!

इथवर मी दुकानदाराला शिव्या देतच होतो. मग सहज रिग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावली आणि एफएमवर पूर्ण पॉवरने कॅरिअर, म्हणजे न बोलता सलग सिग्नल, दिला. एसएसबीवर (एचएफवर बोलायचा नेहमीचा मोड) ही तपासणी करू नका, आवाजाबरोबर करंट नाचतो आणि मीटरला धड काही पकडता येत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर ११.९, रिगच्या प्लगवर १०.७. मधले १.२ व्होल्ट माझ्याच वायरने खाल्ले होते. घराच्या फिटिंगमधून उरलेली २.५ स्क्वेअर एमएमची चार मीटर वायर, पैसे वाचवले म्हणून तेव्हा फार खूश होतो. जाऊन-येऊन आठ मीटर, वर वीस अँपिअर! आता १० स्क्वेअर एमएमची टाकली, तूट ०.३ वर आली. तेव्हा दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो.

उरलेल्या निम्म्या नाही घेत. हायड्रोमीटरवर (अॅसिडची घनता मोजायची नळी) पाच सेल १.२४० आणि तिसरा १.१७०, म्हणजे कमजोर, निघाला. बल्बची वही आणि हे आकडे समोर ठेवल्यावर दुकानदार एकदम शांत झाला आणि वॉरंटीत बॅटरी बदलून दिली. तीन चकरा, डिझेल माझं.

एसएमपीएसचीही चूक आहेच. हिवाळा असो की नवतपा, तो १३.८ च देत राहतो. लेड-अॅसिडला २५ अंशांच्या वर दर अंशाला, दर सेलला ३ मिलिव्होल्ट कमी हवेत. आमच्या टिनाखाली ४५ अंश म्हणजे सहा सेलचे मिळून ०.३६ व्होल्ट. म्हणून बॅटरी पाणी पीत होती आणि मी दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड पाणी ओतत होतो. आतला प्रीसेट फिरवून १३.५ केला. रिगला त्याने काही फरक पडला नाही. वॉरंटीचं स्टिकर मात्र फाटलं. एका गोष्टीचं कौतुक केलंच पाहिजे, ७ मेगाहर्ट्झवर या एसएमपीएसची घरघर अजिबात नाही.

आणि तो दिवा. नवी बॅटरी यायच्या आधी दोन्ही टर्मिनल सोडवून ठेवले होते. खोलीत बॅटरीच नव्हती. लाइट आली, एसएमपीएस सुरू केला, दिवा हिरवा. 'बॅटरी फुल'! तो पठ्ठ्या आठ महिने चार्जरचेच व्होल्ट पाहून डोलत होता. मी त्यावर काळा टेप लावलाय. रात्री टेपच्या कडेने अजून हिरवं दिसतं.