टोरंटोचं हॉकी हॉल ऑफ फेम: फोटो काढून निघू नका, कपाभोवती एक चक्कर मारा

हॉकी हॉल ऑफ फेम म्हणजे आइस हॉकीचं म्युझियम. आधीच सांगतो, मला आइस हॉकीतलं फार कळत नाही, भाचा (वय 12, गोलकीपर, तोंडाला अजिबात कुलूप नाही) हट्टाला पेटला म्हणून गेलो आणि शेवटी मीच तिथून हलेना. जागा ब्रुकफील्ड प्लेसच्या खालच्या मजल्यावर आहे, युनियन स्टेशनवरून जमिनीखालूनच चालत पोचता येतं, आम्ही शहाणे गाडी घेऊन गेलो आणि पार्किंगला भरपूर पैसे घातले, तुम्ही तसं करू नका.

आत गेम्स वगैरे आहेत, पोरं रमतात, त्यावर जास्त लिहीत नाही. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या टीमच्या जुन्या ड्रेसिंग रूमची हुबेहूब खोली पण आहे, ती बघाच. खरा माल वरच्या ग्रेट हॉलमधे आहे. ही मुळात बँक ऑफ मॉन्ट्रियलची 1885 ची इमारत, वर रंगीत काचांचा भलामोठा घुमट आणि त्याखाली स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या लीगच्या विजेत्यांना मिळणारी ट्रॉफी. लोक रांगेत येतात, फोटो काढतात, जातात. आमच्या भाच्याने मला ओढून कपाच्या जवळ नेलं, "मामा, फोटो नंतर, आधी बोमन शोध."

बोमन म्हणजे स्कॉटी बोमन, कोच. या कपावर प्लेअर्सबरोबर कोचचंही नाव कोरतात, त्यामुळे एका माणसाचं अख्खं करिअर तुम्ही कपाभोवती फिरत फिरत वाचू शकता, हे मला माहितीच नव्हतं. सगळ्यात वरच्या रुंद पट्ट्यावर 1973, 76, 77, 78, चारही मॉन्ट्रियलचे. त्याच पट्ट्यावर 1972 चं बोस्टन सापडतं, त्यात दोन्ही ओ च्या जागी क्यू कोरलाय, ते तसंच राहिलंय, बघून हसलो. दुसऱ्या पट्ट्यावर 1979. आणि मग कोच म्हणून थेट 1992 म्हणजे तिसरा पट्टा. मधली तेरा वर्षं काय? तर त्यातली बरीच बफेलोत गेली, आणि तिथे कप आलाच नाही.

घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. कपावर नाही ते जास्त भारी आहे राव. बोमन ज्युनिअर हॉकीत खेळत असताना 1952 मधे जाँ-गी टाल्बो नावाच्या प्लेअरची स्टिक त्याच्या डोक्यात बसली आणि पुढे प्लेअर म्हणून काही झालं नाही, आणि नंतर हाच टाल्बो सेंट लुईस ब्लूज या टीममधे कोच बोमनच्याच हाताखाली खेळला. आपण असतो तर निदान महिनाभर बाकावर बसवलं असतं. त्या ब्लूजना त्याने पहिल्या तिन्ही सीझनला, 1968, 69, 70, फायनलला नेलं आणि तिन्ही वेळा चारही मॅचेस गमावून 4-0 ने हरले, म्हणजे बारा मॅचेस आणि एकही विजय नाही. 1968 ला समोर मॉन्ट्रियलचा कोच टो ब्लेक होता, ज्याच्याकडून हा शिकला तोच, आणि कोच म्हणून त्याच ब्लेकचा आठ कप्सचा विक्रम याने 2002 मधे नववा जिंकून मोडला. कोच म्हणून बोमनचे रेग्युलर सीझनचे (म्हणजे प्लेऑफ्स सोडून) विजय 1244.

मला सगळ्यात आवडलं ते बोमनचं डेट्रॉइटच्या टीममधलं प्रकरण. 1995 ची फायनल पुन्हा 4-0 ने हरल्यावर त्याच वर्षी पुढच्या सीझनमधे या साठी ओलांडलेल्या माणसाने पाच रशियन प्लेअर्स एकत्र बर्फावर उतरवले, फेदोरोव, लारिओनोव, कोझलोव, फेतिसोव, कॉन्स्टँटिनोव. तोपर्यंत तिथली सरधोपट पद्धत म्हणजे पक (खेळातली रबराची चकती) पुढे फेकायचा आणि त्याच्यामागे धावायचं, हे पाचजण जागा मिळेना तर खुशाल पक मागे न्यायचे आणि परत फिरून यायचे, आणि म्हाताऱ्याने खेळू दिलं की! 1997 ला कप आला, डेट्रॉइटला 42 वर्षांनी, आणि बोमन स्वतः स्केट्स घालून कप घेऊन फिरला. आठवड्याभरात गाडीच्या अपघातात कॉन्स्टँटिनोवचं करिअर संपलं. 1998 ला टीम परत जिंकली, त्या ओळींमधे त्याचं नाव आहे, लीगकडून खास परवानगी घेऊन कोरलेलं, त्या सीझनला तो एकही मॅच खेळला नव्हता. ते शोधून बघा, मी दोनदा वाचलं.

तिजोरीच्या खोलीत जायला विसरू नका, 1892 चं मूळ भांडं आणि कपावरून उतरवलेले जुने पट्टे तिथे आहेत. नवीन पट्टा बसवला की सगळ्यात वरचा निघतो, म्हणजे बोमनचे ते चार कप पण एक दिवस इथेच येणार. त्याआधी जाऊन या. आणि खरा कप अधूनमधून दौऱ्यावर असतो, तेव्हा इथे दुसरा ठेवतात, म्हणून आत शिरतानाच स्टाफला विचारा.

कपाला हात लावू देतात. मी बोमनच्या नावावरून बोट फिरवलं, अक्षरं बारीक आहेत पण बोटाला लागतात. भाचा दोन्ही हात पाठीमागे धरून उभा, जिंकल्याशिवाय हात लावायचा नसतो म्हणे. "तू लाव मामा," म्हणाला, "तुझं काय, तू थोडीच खेळणारेस."