गुडघ्याची गादी भरून देतो म्हणाले, माझे ४२,७५० गेले

हातांनी मणके-सांधे दाबून, वळवून उपचार करणाऱ्या एका कायरोप्रॅक्टरनं मला फसवलं. आधी हिशोब देते. 'सविस्तर तपासणी' ५००, २४ बैठकांचं पॅकेज ३६,०००, कमरेचा पट्टा आणि बुटातल्या गाद्या ४,८५०, दोन एक्स-रे १,४००. एकूण ४२,७५०. बैठका झाल्या ११.

मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका, सांगलीत विश्रामबागला राहते. दोन्ही गुडघे झिजलेत. कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही आणि ऑपरेशनची धास्ती आहे. "मिरजेत एवढे दवाखाने असताना तिकडे कशाला गेलीस?" असं आता जो तो विचारतो. रात्री कूस बदलताना कळ येते ती मला येते, विचारणाऱ्यांना नाही. बाकी सगळं तुमच्या ओळखीचंच: मोफत शिबिर, आजच भरलं तर सवलत, भिंतीवर परदेशी प्रमाणपत्राची फ्रेम आणि नावामागे 'डॉ.'. कायरोप्रॅक्टिक १८९५ साली अमेरिकेत सुरू झालं, तिकडे त्याचं रीतसर शिक्षण असतं, हे त्यानं खरंच सांगितलं. आपल्याकडे त्याची सरकारी परिषदही नाही आणि नोंदणीही नाही, हे मात्र सांगितलं नाही.

आठव्या बैठकीनंतर दुसरा एक्स-रे काढायला पाठवलं. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, टेबलावर आडव्या व्हा." मी विचारलंही, "मागच्या वेळी उभं राहून काढला होता ना?" तो म्हणाला, "आता असाच काढतात." आणि मी गप्प झोपले. दुसऱ्या दिवशी त्या कायरोप्रॅक्टरनं दोन्ही फिल्मा उजेडावर शेजारी-शेजारी लावून दाखवल्या. पहिलीत हाडाला हाड टेकलेलं, दुसरीत मधे स्वच्छ फट. "बघा काकू, गादी भरली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला पेढे नेऊन दिले.

नंतर मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याच फिल्मा पाहून दोन वाक्यांत उलगडा केला. उभं राहिलं की अंगाचा भार पडून फट कमी दिसते, झोपलं की ती मोठी दिसू शकते. झिजलेली कूर्चा, म्हणजे गादी, दाबून, वळवून भरत नाही. सांधा वळवताना येणारा 'कट्' आवाजही सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. ३१ वर्षं मी सातवीला विज्ञान शिकवलं. तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे फळ्यावर लिहून दिलं. तेच माझ्या डोळ्यांदेखत मोडलं आणि मी पेढे वाटले! हे मनातून जात नाही.

अकराव्या बैठकीत त्यानं कंबर पिळली आणि मला चार दिवस उठता आलं नाही. हाडं ठिसूळ आहेत का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आठवड्यानं गेले तर शटर खाली, फोन बंद.

पोलीस चौकीत सांगितलं, "आजी, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा दिवाणी मामला." दुसऱ्या कचेरीत विचारलं, गोळी दिली का? इंजेक्शन दिलं का? नाही ना, मग बोगस डॉक्टर कसा म्हणायचा? अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या टेबलावर म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत. चारदा गेले, चारदा दौरा. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन-दोन मजले चढवले या लोकांनी, बसायला खुर्ची दिली नाही! पॅकेजपैकी ३०,००० चं कर्ज 'बिनव्याजी हप्ता' म्हणून माझ्या नावावर टाकलंय. कर्ज देणारी कंपनी म्हणते, दुकान बंद झालं तरी हप्ता भरावाच लागेल.

उपचारासाठी कर्जाच्या कागदावर सही करू नका. मोबाईलवर ओटीपी मागितला तर तिथून उठा. दोन एक्स-रे दाखवले तर दोन्ही उभ्यानं काढलेत का विचारा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! आणि पावती घ्या. माझ्याकडे पट्ट्याची पावती नाही, "नंतर देतो" म्हणाला होता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. याच माणसाकडे कुणी पैसे भरले असतील तर लाजू नका, आपले कागद घेऊन या, एकत्र अर्ज करू. माझ्या दोन्ही फिल्मा मी जपून ठेवल्यात. २,५०० चा पुढचा हप्ता ५ तारखेला खात्यातून जाईल.