घरातल्या मिरचीसाठी १०० वॉटचा दिवा: स्पायडर फार्मर एसएफ-१०००

डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. टोरांटो किंवा न्यू जर्सीत दिवस तास-दीड तासाने मोठा, एवढाच फरक. अशा उजेडात दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवलेली मिरची लगेच मरत नाही. पेरं लांबत जातात, नवी पानं फिकट आणि पातळ येतात, फुलं कळीतच गळतात आणि जानेवारीत त्या मऊ शेंड्यांवर मावा बसतो. उन्हाळ्यात कुंडीत छान वाढलेली लवंगी, थाई किंवा भूत जोलोकिया पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकवायची असेल, तर उजेड विकत घ्यावा लागतो. त्यासाठी सध्या सहज मिळणारा आणि एका-दोन झाडांच्या हौशी माणसाला परवडणारा दिवा म्हणजे स्पायडर फार्मरचा एसएफ-१०००.

पण तो मागवण्याआधी घरातली जागा ठरवा. मिरची मुळात बहुवर्षीय झुडूप आहे, ते दोन तऱ्हांनी हिवाळा काढतं. घराला १० ते १३ अंश सेल्सिअस राहणारं गॅरेज किंवा न तापवलेली खोली असेल, तर झाड छाटून तिथे निजवता येतं आणि त्याला खिडकीचा थोडा उजेडही पुरतो. तेव्हा हा दिवा घेऊ नका, ते पैसे वाया जातील. झाड २० अंशांच्या बैठकीत राहणार असेल, तर मात्र ते निजणार नाही. ऊब मिळाली की ते वाढू पाहतं, आणि वाढीला पुरेल इतका उजेड मिळाला नाही तर साठवलेलं अन्न संपवत अशक्त होत जातं. ऊब आणि उजेड यांचं माप जुळलं पाहिजे. घरातल्या मिरचीचे हिवाळ्यातले बहुतेक हाल हे माप चुकल्यामुळे होतात. खत कमी पडलं म्हणून क्वचितच.

आता दिवा. फुटाभर लांबी-रुंदीची ॲल्युमिनियमची पाटी, तिच्यावर सॅमसंगच्या एलएम३०१ मालिकेचे पांढरे डायोड आणि सोबत थोडे लाल. भिंतीतून ओढतो ती वीज १०० वॉट. पंखा नाही, त्यामुळे आवाज अजिबात नाही. झोपायच्या खोलीतही चालतो, फक्त त्याचा झगझगीतपणा पाहता पडदा किंवा आडोसा हवा. उजेड कमी-जास्त करायला बटण आहे, आणि मिरचीसाठी त्या बटणाचं मोल डायोडच्या नावापेक्षा जास्त आहे.

जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा साधा हिशेब करून पाहावा. झाडाला वापरता येणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात. अशा चांगल्या बोर्डाकडून दर वॉटला सेकंदाला अडीच मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश धरला, तर १०० वॉटला सेकंदाला २५० मायक्रोमोल होतात. दोन फूट बाय दोन फूट जागा म्हणजे ०.३७ चौरस मीटर. चौथा हिस्सा बाजूला सांडतो असं धरलं, तरी त्या जागेवर चौरस मीटरला सेकंदाला सरासरी ५०० मायक्रोमोलच्या जवळपास पडतात. फळावर असलेल्या मिरचीला ४०० ते ६०० लागतात, नुसती हिरवी ठेवायला २०० ते ३०० पुरतात. म्हणजे दोन बाय दोन फुटांत फळं धरणारी दोन मोठी झाडं किंवा छाटलेली चार ते सहा झाडं, ही याची खरी क्षमता. तीन बाय तीन फुटांत हा दिवा रोपं सांभाळेल, मिरच्या देणार नाही. कडेच्या कुंड्यांना मधल्यापेक्षा बराच कमी उजेड मिळतो, म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्यांच्या जागा बदला.

लावताना बहुतेकांची गफलत एकच होते: पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेवर, शेंड्यापासून वीतभर अंतरावर. खिडकीच्या उजेडाला सरावलेली पानं त्याने चार दिवसांत पांढुरकी पडतात, आणि जळालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. पहिला आठवडा दिवा शेंड्यापासून ४५ सेंटीमीटरवर आणि बटण ४० टक्क्यांवर ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ६० टक्के. फुलं धरायची असतील तरच पुढे ३० ते ३५ सेंटीमीटरवर उतरवून ८० टक्क्यांपर्यंत न्या. १०० टक्क्यांची गरज या जागेत क्वचितच पडते, आणि कमी वॉटवर डायोड थंड राहून टिकतातही जास्त.

मोजायला महागडं मीटर नको. फोनमधल्या लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजणाऱ्या ॲपने शेंड्याच्या उंचीवर आकडा घ्या आणि त्याला ६५ ने भागा. अशा पांढऱ्या एलईडीसाठी उत्तर अंदाजे मायक्रोमोलमध्ये येतं. २०,००० लक्स म्हणजे सुमारे ३००. फोनागणिक आकडा थोडा हलतो, पण मधली आणि कडेची कुंडी यांतला फरक नीट कळतो. हे ३०० दररोज १४ तास दिले, की चौरस मीटरला दिवसाला १५ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश होतो, हिरव्यागार झाडाला तेवढा भरपूर आहे. फळांसाठी त्याच १४ तासांत २० ते २५ मोलपर्यंत जावं लागतं. २४ तास दिवा चालू ठेवून हा आकडा गाठू नका. सतत उजेडात मिरचीची पानं पिवळी पडतात आणि सुरकुततात. तिला रात्र हवीच. १४ तास चालू आणि १० तास बंद, यासाठी साधा सॉकेटचा टायमर घ्या. कमी उजेड तासांनी भरून काढायचा असेल तर १६ तास ही शेवटची हद्द समजा.

झाड काय म्हणतंय ते पानांवर दिसतं. कडा वर वळून पान पन्हळीसारखं झालं, की उजेड किंवा उष्णता जास्त: दिवा १० सेंटीमीटर वर घ्या. पेरं लांबून शेंडे दिव्याकडे ताणले गेले, की उजेड कमी. पानाच्या खालच्या बाजूला खरखरीत, पांढरट पुटकुळ्या आल्या तर तो बहुधा रोग नसतो; पाणी जास्त आणि हवा कोंडलेली असल्याची ती खूण आहे. देठ आणि सांधे जांभळे पडले तर घाबरू नका, तेज उजेडात कित्येक जातींत तो रंग येतोच.

दिव्याखाली नेण्याआधीची तयारी दिव्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि इथे घाई केली तर सगळा हिवाळा किडीशी झुंजण्यात जातो. रात्रीचं तापमान १२ अंशांच्या खाली जाऊ लागलं की झाड आत घ्या, हिमाची वाट पाहू नका. उरलेल्या मिरच्या तोडा. मुख्य खोड आणि त्याच्या दोन-तीन जाड फांद्या राहतील अशी छाटणी करा, प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून. कुंडीतून गड्डा काढून बाहेरची माती झटका, मुळांचा एक तृतीयांश भाग धारदार कात्रीने कापा, उरलेली मुळं कोमट पाण्यात धुऊन घ्या. नवी कुंडी ३ ते ५ लिटरची. तीन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे). बागेतली जुनी माती आत आणू नका. अंडी आणि अळ्या तिच्यातूनच येतात.

मग पानं, सांधे आणि खोड कीटकनाशक साबणाच्या द्रावणाने दोन्ही बाजूंनी भिजवा. बाटलीवर लिहिलेलं प्रमाणच घ्या, जास्त घातलं तर पान भाजतं. साबण ज्याच्या अंगावर पडतो त्यालाच मारतो, म्हणून दर पाच ते सात दिवसांनी किमान तीन फवारण्या हव्यात. मावा नराशिवायच जिवंत पिल्लं घालतो. एक मादी सुटली तरी पंधरवड्यात शेंडा भरतो. फवारणी दिवा बंद झाल्यावर करा. आपल्याकडे हाताशी असलेलं कडुनिंबाचं तेल ब्रिटन आणि कॅनडात घरगुती कीटकनाशक म्हणून मंजूर नाही, तिथे साबणावरच भिस्त ठेवा. हीटरने हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो: पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि सांध्यात जाळी. आठवड्यातून एकदा झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुतली, तर तो फारसा वाढत नाही. मातीवर काळी चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय. वरचा २-३ सेंटीमीटरचा थर पूर्ण वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, आणि तरीही हटली नाहीत तर स्टाइनरनेमा फेल्टी हे चिलटांच्या अळ्या मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यातून सोडा.

पाणी वार ठरवून घालू नका. कुंडी उचलून पाहा. हलकी लागली की तळातून निथळेल इतकं घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. खत टोमॅटोचं, अर्ध्या मात्रेत, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही नवी पानं फुटू लागल्यावरच. कोकोपीटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागतं. नाही दिलं तर शिरांमधला भाग पिवळा पडतो आणि फळाचं टोक काळं होतं.

फळांबाबत अपेक्षा जातीप्रमाणे ठेवा. लवंगी, थाई, बर्ड्स आय अशा लहान, पातळ सालीच्या मिरच्या या दिव्याखाली खरोखर धरतात आणि घरच्या ठेच्यापुरती मिरची फेब्रुवारीतही मिळू शकते. हबानेरो, भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर यांना फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत बराच काळ लागतो आणि झाडंही पसरट. हिवाळ्यात ती नुसती जगवा. उन्हाळ्यात त्यांना लवकर फळं येऊ लागतील, बियांपासून केलेल्या झाडाच्या कितीतरी आधी. घरात वारा नाही, मधमाशी नाही. फुलं उमलली की दुपारी देठाला हलकी टिचकी मारा किंवा मऊ ब्रश फिरवा. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं किंवा दिव्याखाली ३० च्या वर चढलं, तर फुलं गळतील, मग ब्रशचा उपयोग नाही.

टेबलावर ठेवायच्या एरोगार्डन हार्वेस्टशी (मातीशिवाय, पंपाने फिरवलेल्या पाण्यात रोपं वाढवणारा संच) तुलना लोक करतात. त्याचा दिवा २० वॉटचा आणि वर सरकतो तो फूटभरच. कोथिंबीर-तुळशीला छान, मिरचीला बी रुजवण्यापुरता ठीक, पुढे झाड दिव्याला टेकतं आणि मुळं पंपात शिरतात. जांभळ्या उजेडाचे, टेबलाला चिमट्याने अडकवायचे स्वस्त दिवे तर घेऊच नका: खोक्यावर वॉट मोठे लिहिलेले असतात, प्रत्यक्षात ओढ कमी असते, आणि जांभळ्या उजेडात पान पिवळं आहे की कीड लागली आहे हे डोळ्याला कळत नाही. एसएफ-१००० चा पांढरा उजेड याच कारणासाठी मला अधिक आवडतो. त्याच्या उणिवा म्हणजे टायमर स्वतंत्र घ्यावा लागतो आणि टांगायला पक्की जागा लागते. लोखंडी रॅकची वरची फळी उत्तम. दिवा लोंबता ठेवताना वायरीला सॉकेटच्या खाली वळण द्या, म्हणजे फवारणीचं पाणी वायरीवरून सॉकेटपर्यंत जाणार नाही.

वीज: पूर्ण क्षमतेवर १४ तास म्हणजे दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२. युनिटला २५ पेन्स धरले तर साडेदहा पौंड. ६० टक्क्यांवर तेच सव्वासहा पौंडांच्या आसपास येतं. नुसत्या मिरच्या हव्या असतील तर दुकानातून आणणं स्वस्त. हातची, जपलेली जात टिकवायची असेल तर हा खर्च रास्त आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी यात पडू नये, तिथल्या हिवाळ्यात उन्हाची गच्ची याहून चांगलं काम करते.

जानेवारीत हाच दिवा बियांच्या ट्रेवर ४० सेंटीमीटरवर, ३० टक्क्यांवर चालतो. खाली थर्मोस्टॅट असलेली उष्ण चटई २८ अंशांवर ठेवा. हबानेरो गटाच्या बिया रुजायला दोन ते चार आठवडे घेतात. बी स्थानिक विक्रेत्याकडून घ्या, कारण भारतातून परदेशात बी नेताना फायटोसॅनिटरी (रोग-किडींपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. एप्रिलच्या अखेरीस जुनी झाडं बाहेर काढताना पहिले दोन दिवस सावलीत एक-दोन तास, मग रोज तासभर वाढवत दहा दिवसांनी पूर्ण उन्हात. रात्री १२ अंशांच्या वर टिकू लागल्यावरच बाहेर मुक्काम, आणि तोवर संध्याकाळी पुन्हा दिव्याखाली.