पंजाचे मलम, बूट आणि क्लोरहेक्झिडीन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कुत्र्यांच्या पंजांसाठी मिळणाऱ्या वस्तूंपैकी तीन वस्तू मी आमच्या उतारवयातल्या कॉकर स्पॅनियल कुत्रीवर कित्येक महिने सलग वापरल्या: मधमाशीच्या मेणाचे मलम, क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक असलेला औषधी शाम्पू आणि रबरी तळाचे कापडी बूट. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. या प्रकारच्या मलमांमधले घटक बहुतेक सारखेच असतात आणि एका डबीऐवजी दुसरी डबी घेतल्याने फारसे काही बदलत नाही. मलम कशावर लावले जात आहे हे आधी नीट ठरले आहे की नाही, यावर मात्र सारे अवलंबून असते. तिन्ही वस्तू आपापल्या जागी उपयोगी पडल्या, पण त्या जागा डबीवरच्या मजकुरातून नव्हे तर पशुवैद्यांनी केलेल्या तपासणीतून कळल्या.

कुत्रीची तक्रार वरवर एकच दिसत होती. पंजाच्या गाद्या कडेने टणक आणि पिवळट तपकिरी झाल्या होत्या, त्यांवर केसांसारखे राठ तंतू वाढले होते आणि एका गादीला भेग गेली होती. त्याच वेळी ती पंजे सतत चाटत असे, बोटांच्या बेचक्यांतले केस लाळेमुळे तांबूस झाले होते आणि तिथून एक आंबूस वास येई. हे सारे कोरडेपणामुळे होते असे समजणे अगदी सोपे होते. प्रत्यक्षात एकाच पायावर दोन वेगवेगळे विकार होते. गादीवरचा विकार हायपरकेराटोसिसचा, म्हणजे केराटिन या त्वचेतल्या टणक प्रथिनाचा थर झिजण्यापेक्षा वेगाने साचण्याचा होता, आणि बेचक्यांमधला मालासेझिया या यीस्टच्या, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीच्या, अतिवाढीचा. पहिल्याला ओलावा आणि स्निग्धता हवी असते, तर दुसऱ्याला कोरडेपणा. एकाच हाताने दोन्हींवर मलम चोपडले असते, तर दुसरा विकार वाढण्याचीच शक्यता अधिक होती.

निदान कसे झाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण वापराविषयीचा पुढचा प्रत्येक निर्णय त्यातून निघाला. किती पंजे बाधित आहेत, हा पशुवैद्यांचा पहिला प्रश्न होता. एकाच पंजाची तक्रार असेल तर काच, काटा, गवताचे कुसळ, जखम, तुटलेले नख किंवा गाठ यांचा विचार आधी होतो; चारही पंजे बिघडले असतील तर अॅलर्जी, परजीवी, प्रतिकारशक्तीचे विकार, पोषणातील उणीव किंवा शरीरातील एखादा मोठा आजार यांकडे पाहावे लागते. बिघाड गादीवर आहे, गादीच्या कडेला आहे की बोटांच्या मध्ये आहे, हा दुसरा प्रश्न. उतारवयात कॉकरसारख्या जातींत कोणत्याही स्पष्ट कारणाविना होणारे हायपरकेराटोसिस गादीच्या ज्या कडा जमिनीला घासल्या जात नाहीत तिथे जास्त दिसते, आणि आमच्याकडचे चित्र अगदी तसेच होते. नाक, कान, पापण्या आणि तोंडाभोवतीची त्वचाही तपासली गेली. पंजांशी त्याचा संबंध काय असे प्रथम वाटते. पण पेम्फिगस फोलिएशियस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, त्यात गाद्यांवर आणि चेहऱ्यावर एकाच वेळी खपल्या धरू शकतात, आणि अशा खपल्यांवर मलम चोळत राहणे म्हणजे वेळ घालवणे होय.

चाचण्या साध्या होत्या. बेचक्यातल्या त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली, तिला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या यीस्टच्या पेशी तिथे विपुल दिसल्या. डेमोडेक्स हे माइट, म्हणजे सूक्ष्म परजीवी किडे, केसांच्या मुळांत राहत असल्यामुळे त्वचा दाबून थोडे रक्त येईपर्यंत खोलवर खरवडून नमुना घेतला गेला, त्यात काही मिळाले नाही. वयाकडे पाहून यकृताच्या रक्तचाचण्याही झाल्या. उतारवयातल्या कुत्र्याच्या गाद्या अचानक भेगाळल्या, दुखू लागल्या आणि त्यांवर जाड खपल्या आल्या तर यकृताच्या आजाराशी निगडित असलेला एक गंभीर त्वचाविकार वगळावा लागतो, आणि तो तपासायची आठवण ठेवणाऱ्या डॉक्टरांविषयी माझे मत एकदम उंचावले. बायोप्सीची, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, गरज आमच्याकडे पडली नाही. ती कधी लागणार असेल तर त्याआधी घरातले स्टेरॉईडचे मलम किंवा गोळ्या सुरू करू नयेत, कारण त्यामुळे नमुन्यातले चित्र पुसट होते.

आता मलमाविषयी. आमच्या मलमात मधमाशीचे मेण, शिया बटर, एक वनस्पतिजन्य तेल आणि जीवनसत्त्व ई होते. सुगंध आणि अर्कतेले नव्हती, आणि निवडताना मी तीच अट घातली होती. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकते आणि पंजाला लावलेले सारे अखेर पोटात जाते, हे विसरून चालत नाही. नुसते मलम लावल्याने पहिल्या काही आठवड्यांत गादीवर चकाकी आली, टणकपणा मात्र तसाच राहिला. फरक पडू लागला तो आधी पंजा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून, टिपून कोरडा करून, लगेच मलमाचा पातळ थर देण्याचा क्रम सुरू केल्यावर. मेण स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून धरते. त्यामुळे कोरड्या केराटिनवर दिलेला मेणाचा थर म्हणजे रिकाम्या रांजणावर ठेवलेले झाकण. वाढलेले राठ तंतू पशुवैद्यांनी पहिल्या भेटीत कात्रीने छाटून दिले होते. जिवंत भागाला धक्का लागला की रक्त येते आणि दुखते, म्हणून ते काम मी घरी अंगावर घेतले नाही. यापुढे थर फारच साचला तर सॅलिसिलिक आम्ल किंवा युरिया असलेले केराटिन सैल करणारे औषध देता येते, मात्र ते पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच.

काही महिन्यांनी गाद्या पूर्ववत झाल्या असे मी म्हणणार नाही. भेग भरून आली, कडा मऊ पडल्या, लंगडणे थांबले; पण क्रमात खंड पडला की राठपणा परत डोके वर काढतो. या प्रकारचे हायपरकेराटोसिस बरे होत नाही, आटोक्यात राहते, आणि डबीवर मात्र दुरुस्तीचे आश्वासन छापलेले असते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते. गादी ही कुत्र्याच्या शरीरावरची सर्वांत जाड त्वचा असते आणि तिचा खरखरीतपणा जमिनीवर पकड मिळवण्यासाठी असतो. निरोगी गादीला रोज मलम लावून ती लोण्यासारखी मऊ करण्यात काहीच हित नाही. शिवाय मलम लावल्याबरोबर कुत्री गुळगुळीत फरशीवरून चालली तर पाय घसरतात, आणि सांधे कुरकुरणाऱ्या वयात ती गोष्ट क्षुल्लक राहत नाही. आम्ही ते रात्री झोपण्यापूर्वी लावतो आणि मुरेपर्यंत तिला चघळायला काहीतरी देऊन एका जागी बसवतो.

मलम तापलेल्या रस्त्यापासून वाचवते, हा दावा बऱ्याच डब्यांवर असतो. तो मला पटलेला नाही. हवेचे तापमान २५ अंश सेल्सियस असतानाही थेट उन्हातले डांबर ५० अंशांपर्यंत तापू शकते, आणि मेणाचा पातळ पापुद्रा ही उष्णता अडवू शकत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर फिरणे पुढे ढकलावे. भाजलेच तर पंजा थंड पाण्याच्या धारेखाली धरावा, बर्फ लावू नये आणि गादीवर फोड आले किंवा सालपट सुटले तर पशुवैद्यांकडे न्यावे.

तिन्ही वस्तूंमधला सर्वांत स्पष्ट परिणाम औषधी शाम्पूने दाखवला. त्यात २ टक्के क्लोरहेक्झिडीन आणि २ टक्के मायकोनाझोल हे बुरशीनाशक होते. मालासेझियासाठी आठवड्यातून दोनदा धुण्याच्या या पद्धतीला चांगला शास्त्रीय आधार आहे. घड्याळ लावून दहा मिनिटे फेस त्वचेवर राहू द्यावा लागतो, आणि बहुतेकांचा धीर नेमका इथेच सुटतो. चारही पंजांना फेस लावून एक ओला, नाराज कॉकर दहा मिनिटे धरून ठेवणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन बेचक्या एकेक करून पुसाव्या लागतात. पुसण्यात हयगय झाली तर धुण्याने दिलेले सारे ओल परत घेऊन जाते. वास आधी गेला, मग लाली कमी झाली. तांबूस केस मात्र नवीन केस वाढेपर्यंत तसेच राहिले, त्यामुळे त्या रंगावरून सुधारणा मोजू नये. हे द्रावण डोळ्यांत जाता कामा नये, आणि आतला पडदा फाटलेल्या कानात तर मुळीच जाऊ नये.

यीस्टची वाढ बहुतेक वेळा कशाच्या तरी पाठोपाठ येते. आमच्या कुत्रीच्या बाबतीत मागे उभी होती अॅलर्जी. खाण्यातली अॅलर्जी आहे का हे पाहण्यासाठी निवडक आहाराचा प्रयोग किमान आठ आठवडे निष्ठेने करावा लागतो, आणि त्या काळात तोंडात पडलेला एक बिस्किटाचा तुकडाही निष्कर्ष बिघडवू शकतो. शाम्पू बंद करताच चाटणे परत सुरू झाले, तेव्हा या मूळ कारणाकडे वळणे भाग पडले. त्यावरचा उपचार अजून चालू आहे आणि तो या परीक्षणाच्या कक्षेबाहेरचा आहे.

बुटांविषयी माझे मत संमिश्र आहे. माप घेताना कुत्री त्या पायावर पूर्ण भार देऊन उभी असली पाहिजे, कारण भार पडला की पंजा पसरतो. उचललेल्या पायाचे माप घेऊन मागवलेला बूट बोटे आवळतो. पट्टा अंगठ्याच्या नखावर येणार नाही, इतका खाली किंवा इतका वर असावा. सुरुवातीला ती पाय उंच उचलून अशा काही ऐटीत चालली की घरातले सगळे हसले. घरात थोडा थोडा वेळ घालत गेल्यावर ती सवय झाली. भेग भरत असताना खडबडीत जमिनीपासून मिळालेले संरक्षण खरे होते. मात्र कुत्र्यांच्या घामग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांमध्ये असतात, त्यामुळे बंद बुटात ओल साचते, आणि यीस्टचा त्रास असलेल्या पंजासाठी ती ओल म्हणजे आमंत्रणच. म्हणून बूट फिरण्यापुरते, घरी येताच काढणे, पंजे पुसणे आणि बूट उलटे करून वाळवणे असा नियम ठेवला. दिवसभर बूट घालून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी बेचक्या कधी उघडून पाहिल्या असतील की नाही, याची मला शंका आहे.

ताज्या जखमेसाठी या तिन्हींपैकी एकही वस्तू पहिला उपचार नाही. गादी कापली तर स्वच्छ कापडाने दाब द्यावा, सलाइनने किंवा वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे आणि आत काच वा काटा आहे का ते पाहावे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट वारंवार ओतल्याने भरून येणाऱ्या पेशींचेच नुकसान होते. पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये कापूस ठेवावा, ती फार आवळू नये आणि ओली झाली की लगेच बदलावी. पट्टीबाहेर उघडी राहिलेली बोटे सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली आहे असे समजावे. खोल जखमेत टाके लागतात आणि अंगाच्या भारामुळे ते सुटण्याचा धोका असतो, म्हणून पशुवैद्य जाड पट्टी घालून चालणे बरेच कमी करायला सांगतात.

माणसांच्या औषधांबाबत मी कडक झालो आहे. झिंक ऑक्साइडचे मलम चाटून पोटात गेले तर त्रास होतो, सोरायसिससाठी वापरले जाणारे कॅल्सिपोट्रिओल थोड्या मात्रेतही कुत्र्यांना घातक ठरते, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक वेदनेसाठी मनाने देणे जिवावर बेतू शकते. स्वतःच्या हाताला यांपैकी काही लावले असेल तर त्या हाताने पंजाला मलम लावू नये, आणि हात चाटूही देऊ नयेत.

सध्या मलम आठवड्यातून तीन-चार वेळा फक्त गाद्यांवर, शाम्पू पशुवैद्य सांगतील त्या अंतराने आणि बूट केवळ खडीच्या वाटांवर असे चालू आहे. भेग पुन्हा उघडली, एकाच बोटाला सूज आली, गादीच्या मधोमध व्रण दिसला किंवा कुत्री पाय टेकेनाशी झाली तर मलमाची डबी बाजूला ठेवून त्याच दिवशी तपासणीला न्यायचे, हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.