चहाच्या टेबलामागून : शिबिराला तीन स्टार, रक्तपेढीला साडेचार

हॉटेलाचं, साडीच्या दुकानाचं, गॅस एजन्सीचं बरंवाईट लोक भरभरून लिहितात. रक्तदान शिबिराचं कोणी लिहीत नाही. पुण्याच्या कामाला नावं कशी ठेवायची, असं वाटत असावं. मी ठेवणार आहे. सहा वर्षं मी त्या मांडवात उभी आहे, तेवढा हक्क मला आहे.

मी मिरजेत ब्लाउज शिवते. लक्ष्मी मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर दुकान, दोन मशीन, एक मदतनीस मुलगी. आमच्या मंडळाचं शिबिर दरवर्षी गणपतीत असतं. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्याच पोरांच्या घरचे ब्लाउज माझ्याकडे येतात.

आधी माझी हकिगत. पहिल्या वर्षी नाव दिलं, रांगेत उभी राहिले, वजन झालं. ४५ किलोच्या वर पाहिजे, तिथे काही अडचण नव्हती. मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे पास. माझा थेंब अर्ध्यापर्यंत गेला, थबकला आणि मान वळवून परत यावं तसा वर आला. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "ताई, यंदा नको." दुकान बंद ठेवून आले होते, लगेच परत जायची लाज वाटली. चहाच्या टेबलावर कोणी नव्हतं, म्हणून तिथे उभी राहिले. ती अजून तिथेच आहे.

दुसऱ्या वर्षीही थेंब वर आला. तिसऱ्या वर्षी थेंबापर्यंत गाडी पोचलीच नाही. शिबिराला दोन स्टार कमी दिलेत त्यातला पहिला इथला. फॉर्म भरायचं टेबल मांडवाच्या तोंडाशी, ढोलाच्या शेजारी. लिहून घेणारा मंडळाचाच पोरगा, वीस वर्षांचा. जेवलात का, झोप झाली का, कावीळ झाली होती का, दात काढला का, असं विचारत विचारत त्याने ढोलाच्या वरताण आवाजात विचारलं, "पाळी चालू हाय काय?" मागे रांगेत माझ्या गल्लीतले नऊ बाप्ये. प्रश्न बरोबर आहे, पाळीच्या दिवसांत रक्त घेत नाहीत, तो विचारायलाच हवा. पण त्याला एक पडदा, एक बाई आणि हळू आवाज एवढंच लागतं. मी "हो" म्हटलं आणि चहाकडे गेले. त्या वर्षी माझ्या मागच्या दोघी रांग सोडून गेल्या. बायका रक्त द्यायला पुढे येत नाहीत, असं मंडळाचे लोक भाषणात म्हणतात तेव्हा मला ते टेबल आठवतं. पुढच्या वर्षी मीच माझ्या दुकानातला ट्रायलचा पडदा नेऊन बांधला. आता फॉर्मला एक नर्सिंगची मुलगी बसते. अर्धा स्टार परत दिला असता, पण पडदा अजून माझाच आहे.

दुसरा स्टार भेटवस्तूंचा. एका वर्षी स्टीलचा डबा, मग पाठीवरची सॅक, गेल्या वर्षी हेल्मेट. फलकावर 'रक्तदान' बारीक अक्षरात आणि 'हेल्मेट' लांबून दिसेल असं. एक पोरगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला. फॉर्मवर टॅटूपुढे 'नाही' लिहिलेलं. खाटेवर बाही वर सरकवली तर दंडावर ताजा त्रिशूळ, अजून खपली धरलेली. गोंदल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही. टेक्निशियन म्हणाले, उठ बाबा. मंडळाचा कार्यकर्ता मधे पडला, "चालवून घ्या की ओ, पोरगं धडधाकट हाय." ते मात्र जागचे हलले नाहीत. नंतर चहा घेताना त्यांनी मला समजावलं : प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होते, पण लागण अगदी नवी असेल तर तपासणीत दिसत नाही. तेवढ्या दिवसांपुरती सगळी भिस्त देणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावर. आणि हेल्मेटासाठी आलेला माणूस खरं कशाला बोलेल? याच कारणासाठी सुप्रीम कोर्टाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशभर बंद झालं. पैसे बंद झाले, डबा आला. आपले लोक वाट काढतातच. (त्या पोराला मंडळाने हेल्मेट दिलंच शेवटी. गाडीवरून बोडक्याने आला होता म्हणून.)

बाकी शिबिर चांगलं असतं, हेही लिहिते. पंखे पुरेसे, खाटा स्वच्छ, डॉक्टर जागेवर. आणि चहा माझा.

चहाच्या टेबलाला लोक शेवटचं किरकोळ काम समजतात. तसं नाही. रक्त दिल्यावर माणूस दहापंधरा मिनिटं बसला पाहिजे, आणि चक्कर येते ती बऱ्याचदा खाटेवर नाही, उठून चार पावलं चालल्यावर, म्हणजे माझ्यासमोर. दोन वर्षांपूर्वी एक तालमीतला गडी आला, दंड माझ्या मांडीएवढे. खाटेवर हसत होता. कप हातात घेतला, ओठ पांढरे पडले, म्हणाला, "मावशी, पंखा बंद झाला काय?" पंखा चालू होता. मी कप काढून घेतला, त्याला खाली आडवा केला आणि पाय उचलून बिस्किटांच्या खोक्यावर ठेवले. दोन मिनिटांत रंग परत आला. पहिली गोष्ट त्याने विचारली ती ही, की कोणी फोटो तर काढला नाही ना.

हे लोक येतात कशाला? चहाला माणूस मोकळं बोलतो, त्यामुळे मला बरंच ऐकायला मिळालंय. एक रेल्वेतले निवृत्त काका वडिलांच्या तिथीला देतात, आणि तिथी शिबिराच्या दिवशी नसली तर रक्तपेढीत जाऊन देतात. एक जण "जुनं रक्त गेलं की हलकं वाटतं" म्हणून येतो. त्याला कितीदा सांगितलं की रक्त तेलासारखं बदलावं लागत नाही, ऐकत नाही. कॉलेजची पोरं एनएसएसच्या सर्टिफिकेटला येतात. एक नवरदेव आला होता, बायको समोर उभी म्हणून. सुई शिरताना तिच्याकडेच बघत होता आणि ती मोबाइलमध्ये. एकाने हळूच सांगितलं, फुकटात सगळ्या तपासण्या होतात म्हणून आलोय. त्याला मी लगेच डॉक्टरांकडे पाठवला, कारण ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्याने रक्त द्यायचं नाही, तपासणी करून घ्यायची. कर्नाटकातल्या अथणीचे एक गृहस्थ दरवर्षी येतात. मराठी मोडकीतोडकी, मला कन्नड येत नाही, तर आमचं बोलणं बिस्किटांवरच चालतं. त्यांच्या घरातलं कोणीतरी मिरजेत दवाखान्यात होतं, एवढं मला समजलंय.

अथणी माझीही ओळखीची. धाकटी बहीण तिथे दिलेली. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून तिला रात्री मिरजेला आणलं. चार बाटल्या लागल्या. (पिशव्या येऊन किती वर्षं झाली, आमच्या तोंडी अजून बाटलीच.) दोनच्या बदल्यात नवऱ्याच्या मित्रांनी दिलं, दोन रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये आधीच होत्या. कोणाच्या, ते कळायचा मार्ग नाही.

मी रक्तदानाला का येते, असं कोणी विचारलं की मी ही बहिणीची गोष्ट सांगते. ऐकणाऱ्याला बरी वाटते. पण खरं सांगायचं तर बहीण आजारी पडली आणि मी पहिल्यांदा रांगेत उभी राहिले, यात तीन वर्षांचं अंतर आहे. त्या तीन वर्षांत मला काही सुचलं नव्हतं. रांगेत उभी राहिले त्या साली मंडळाचा पोरगा वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दुकानात आला, पावती फाडली आणि म्हणाला, "वैनी, रक्ताला नाव लिहू का?" समोर गिऱ्हाईक होतं. नाही म्हणता आलं नाही. चहाला येणाऱ्यांना मी आता 'का आलात' विचारत नाही, 'कोण बोलावलं' विचारते. उत्तर लगेच येतं : भाऊ बोलला, सरांनी सांगितलं, हा दोस्त घेऊन आला. फलक वाचून आलो म्हणणारा अजून भेटायचाय.

आता रक्तपेढी. तिचंही नाव घालत नाही. मंडळाचं लपवायचं आणि हिचं सांगायचं हे बरं दिसत नाही. मिरजेतलीच आहे.

मेमध्ये तिथल्या जनसंपर्क बघणाऱ्या भाऊंचा फोन आला. उन्हाळ्यात रक्ताचा कायम तुटवडा. कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं नाहीत. आणि गणपतीत एका दिवसात आमच्या एकट्या मंडळाच्या १४२ पिशव्या. आमच्या धंद्यातही असंच, दिवाळी-लग्नसराईला श्वास घ्यायला वेळ नाही आणि मग मशीनवर धूळ. पण ब्लाउज कपाटात टिकतो. तांबड्या पेशींची पिशवी कोणत्या द्रावणातली आहे त्याप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकते, बस्स. गणपतीचं रक्त मेपर्यंत पुरत नाही.

भाऊंनी 'रक्ताची गरज आहे' वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाले, "ताई, गोळ्या संपल्या का?" गेल्या गणपतीत मी त्यांना चहा देताना बोलून गेले होते, की दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्यात पण फरक पडत नाही. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, गोळी कशाबरोबर घेता? मी म्हटलं, चहाबरोबर. ते हसायलाच लागले. चहाने लोह अंगी लागत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी मांडवात लोकांना चहा पाजत होते आणि घरी त्याच चहाने स्वतःला नापास करत होते. त्यानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतल्या, नेमाने.

१४ मे रोजी रक्तपेढीत गेले. एसी होता, रांग नव्हती. फॉर्म बंद खोलीत, बाईंनी विचारून भरला. मोरचुदाऐवजी छोटं मशीन, आकडा आला १२.९. मी तो दोनदा बघितला.

सुईचं पाकीट उघडताना मी नंबर विचारला, सवय. "सोळा." म्हटलं, सोळा म्हणजे जीनला घालतो तेवढी. टेक्निशियनला कळेना. आमच्यात नंबर वाढला की सुई जाड होते, ११ची रेशमाला, १६ची जाड कापडाला. त्यांच्यात उलटं, नंबर वाढला की सुई बारीक. म्हणजे त्यांची सोळा आमच्या सोळाहून भलतीच जाड. हे आधी माहीत नव्हतं तेच बरं. टोचलं एकदा, मुंगी चावल्यासारखं मी म्हणणार नाही, सुई टोचल्यासारखंच. मग हातात स्पंजचा चेंडू, शेजारी पिशवी तराजूवर झुलत होती. ३५० मिली, सातआठ मिनिटं. नळी दंडाला टेकली होती, ती गरम लागली. आपलंच रक्त बाहेरून गरम लागतं, हे मला फार विचित्र वाटलं.

नंतर भाऊंनी काचेतून आत दाखवलं. पिशवी मोठ्या यंत्रात गरगर फिरवून वेगळी करतात : तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट. प्लेटलेटच्या पिवळट पिशव्या एका कपाटात फळ्यांवर पडून होत्या आणि फळ्या सतत इकडून तिकडे हलत होत्या, रात्रंदिवस. थांबल्या की त्या पेशी खराब होतात. त्या पाचच दिवस टिकतात, त्याही फ्रिजमध्ये नाही, २० ते २४ अंशांत. मी बराच वेळ बघत उभी राहिले. पाळण्यात पोर नाही आणि झोका चालूच.

"आम्ही फुकट देतो आणि हे विकतात" ही तक्रार मांडवात दरवर्षी ऐकते. मीही करायचे. रक्ताला किंमत लावता येत नाही, पण पिशवी, तपासण्या, यंत्रं, साठवण यांचं प्रक्रिया शुल्क घेता येतं, आणि त्याचे दर ठरवून दिलेले आहेत. खाजगीत तांबड्या पेशींना दीड हजाराच्या आसपास. थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना वरचेवर रक्त द्यावं लागतं त्या पोरांना मोफत. हे मला समजलं ते मी विचारलं म्हणून. भिंतीवर दरफलक आहे, पण फ्रिजच्या आड. अर्धा स्टार त्याचा कापला. फ्रिज दोन फूट सरकवा, परत देते.

आणि हो, चहा पाणचट होता. त्याचे गुण कापले नाहीत.

कार्डावर पुढची तारीख ११ सप्टेंबर. पुरुषांना तीन महिन्यांनी चालतं, बायकांना चार (१२० दिवस मोजून). गणपतीतलं शिबिर त्याआधी आलं तर तिथे रक्त द्यायचं काही जमत नाही, मी चहालाच आहे. बिनसाखरेचा लागत असेल तर आधी सांगा, वेगळं पातेलं ठेवावं लागतं.