डीएक्स ७ मधला बॅटरी होल्डर: घ्या, पण पत्रा वाकवून बघून

सीआर २०३२ या नाण्याएवढ्या बटण-सेलचा होल्डर म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा, दोन पत्रे आणि खाली दोन पाय. त्याचं कसलं परीक्षण, असं कुणीही म्हणेल. पण हा तुकडा यामाहा डीएक्स ७ या सिंथेसायझरच्या पोटात जाणार असेल, तर त्यात साठवलेले तुमचे ३२ आवाज राहणार की जाणार हे त्या दोन पत्र्यांवर ठरतं. म्हणून लिहिते आहे.

डीएक्स ७ हे १९८३ सालचं वाद्य. त्यातल्या प्रत्येक आवाजाला १२८ बाइट लागतात, म्हणजे आतली सगळी मेमरी मिळून ४,०९६ बाइट. आजच्या एका फोटोत असली हजार वाद्यं मावतील. वाद्य बंद असताना एवढंसं धन सांभाळायचं काम मुख्य बोर्डावरचा ३ व्होल्टचा लिथियम सेल करतो. चालू असताना रॅमला, म्हणजे या मेमरीला, वीज पॉवर सप्लायकडूनच मिळते, सेल तेव्हा आराम करतो. मुळात ही मेमरी वीज पितेच किती? समजा २ मायक्रोअँपिअर. मग २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल १,१०,००० तास चालेल, म्हणजे बारा वर्षांच्या वर. आठवड्यातून दोनदाच वाजणाऱ्या वाद्यातही मूळ सेल वर्षानुवर्षं कसा टिकतो, हे या हिशोबातून कळतं. तो दगा देईपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबलं की वाद्य स्वतःच बॅटरीचं व्होल्टेज सांगतं. आकडा ३ च्या बराच खाली घसरायला लागला की सेलची वेळ भरत आली.

अडचण अशी की हा सेल घड्याळातल्यासारखा काढता येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या कारखान्यातच वेल्ड केलेल्या असतात आणि त्या थेट बोर्डात सोल्डर केलेल्या. लोक यावरून यामाहाला शिव्या घालतात. मी नाही घालणार. हे वाद्य स्टेजवर नेण्यासाठी बनवलं होतं. गाडीत आदळआपट होणार, केस जिन्यावरून खाली येणार, आणि वेल्ड केलेली पट्टी काही हलत नाही. होल्डर लावणं म्हणजे ही खात्री सोडून पुढच्या वेळची सोय विकत घेणं. हा सौदा समजून केला तर चांगलाच आहे.

आता माल. पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेले होल्डर एका पिशवीत ढीगभर आले, आणि ते ढीगभरच राहिले. पायाला सोल्डरिंग आयर्न टेकवताच प्लास्टिक मऊ पडून पाय तिरका व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे वरचा पत्रा. सेल सरकवला की तो वाकायचा, आणि सेल काढल्यावर तसाच वाकलेला राहायचा. स्प्रिंग म्हणून जो पत्रा लावला आहे, तो परत उसळला नाही तर उपयोग काय? होल्डर हातात धरून हलवला की मल्टिमीटरवरचा आकडा नाचायचा. वाद्य बंद असताना संपर्क असा तुटला तर आवाज गेले समजा.

दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेला होल्डर मात्र वेगळ्याच जातीचा निघाला. काळं, उष्णता सोसणारं प्लास्टिक, आणि सेल दाबून बसवताना टक्क असा आवाज. उलटा धरून तळहातावर आपटला तरी व्होल्टेज जागचं हललं नाही. हाच आता माझ्या वाद्यात आहे. घेताना एवढं एकच करा: पत्रा नखाने वर उचला आणि सोडा. तो जागेवर परत येत नसेल तर होल्डर तिथेच ठेवून द्या.

बसवताना लक्षात आलं की होल्डरच्या पायांमधलं अंतर आणि बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर जुळेलच असं नाही. ओढूनताणून पाय वाकवण्यापेक्षा दोन छोट्या वायर लावून होल्डर शेजारच्या मोकळ्या जागी फोमच्या दुतोंडी टेपने चिकटवणं बरं. जुना सेल काढण्याचं काम मात्र जपून करावं लागतं. प्लग काढलेला हवाच, कारण पॉवर सप्लायही त्याच पेटीत आहे. जुन्या डागावर आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) लावलं की तो पटकन वितळतो, मग सोल्डर शोषणाऱ्या पंपाने ओढून घ्यायचा. घाईत पट्टी उपटली तर भोकाभोवतीचं तांबं सोबत निघून येतं, आणि मग होल्डरचं परीक्षण बाजूलाच राहतं. काही जण होल्डरच्या भानगडीत न पडता साध्या सेललाच वायर सोल्डर करतात. असं अजिबात करू नका. एवढ्या उष्णतेने लिथियम सेल फुगतो, फुटूही शकतो.

मेमरी जाऊ नये म्हणून वाद्य चालू ठेवून सेल बदलायची एक युक्ती सांगितली जाते. मला ती शुद्ध आगाऊपणा वाटते, कारण आवाज आधीच मिडी केबलने (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणारी केबल) कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतात. फंक्शनमध्ये ८ नंबरचं बटण दाबत जा, स्क्रीनवरचं सिस इन्फो (आवाजांची माहिती पाठवण्या-घेण्याची सोय) अव्हेल, म्हणजे चालू करा, मग मिडी ट्रान्समिट विचारेल तिथे यस दाबा. ३२ आवाजांचं सिसेक्स, म्हणजे मिडीवरून जाणारा हा माहितीचा गठ्ठा, ४,१०४ बाइटचं असतं. मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ बाइट, म्हणजे दीड सेकंदही लागत नाही. नवा सेल घातल्यावर स्क्रीनवर आवाजांच्या नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. घाबरू नका, रिकाम्या रॅममध्ये कचराच असतो. आतल्या मेमरीचं प्रोटेक्ट (चुकून पुसलं जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप) काढा, सिस इन्फो पुन्हा अव्हेल आहे ना ते बघा आणि फाइल परत पाठवा. ई. पियानो १, टब बेल्स अशी तुमच्या आवाजांची नावं दिसली की काम फत्ते. आकाराने इवल्याशा, स्वस्त मिडी केबल मोठं सिसेक्स अर्धवट गिळतात. तेव्हा फाइल गेली नाही तर आधी केबलवर संशय घ्या, होल्डरवर नाही.

सेल निवडताना एलआयआर २०३२ लिहिलेला चुकूनही घेऊ नका. आकार तोच, पण तो रिचार्जेबल असून पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. हे सर्किट ३ व्होल्टचा साधा सीआर गृहीत धरून बनवलेलं आहे. गळतीची चिंता मात्र इथे फारशी नाही. त्याबाबतीत कॉर्ग पॉलीसिक्स या दुसऱ्या जुन्या सिंथेसायझरवाल्यांचं नशीब खोटं. त्यांच्या निकेल-कॅडमियम बॅटरीने गळून कितीतरी बोर्ड खाल्ले आहेत.

तर, वाद्य एका जागी स्टँडवर राहणार असेल तर पाचपैकी साडेचार. दर आठवड्याला कार्यक्रमाला जाणारं असेल तर दोन, आणि त्यांनी सरळ पट्ट्यांसकट मिळणारा सीआर २०३२ सोल्डर करावा. एकच तक्रार उरते ती अर्ध्या गुणाची: अधिकचं चिन्ह होल्डरच्या तळाशी कोरलं आहे, आणि वायर लावून टेपने चिकटवल्यावर ते दिसतच नाही. मी बाजूला लाल मार्करने खूण केली आहे.